छाती ऐक, बाहुली नंतर

एमबीबीएसला प्रवेश झाला की थोड्याच दिवसांत नोटीस बोर्डावर एक यादी लागते. डावीकडे प्राध्यापकांची नावं, उजवीकडे तुमची. ही मेंटॉर-मेंटीची यादी, म्हणजे कुठल्या विद्यार्थ्याला कोण मार्गदर्शक ते. आमची बॅच २०१९ची, म्हणजे क्षमताधारित अभ्यासक्रमाची देशातली पहिलीच. महिनाभराचा फाउंडेशन कोर्स, लॉगबुक, वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारे एटकॉमचे तास, सगळे प्रयोग आमच्यापासून सुरू झाले. माझ्या यादीतल्या सरांना मी साडेचार वर्षांत तीनदा भेटलो आणि त्यातल्या दोन भेटी सहीसाठी होत्या. सर वाईट नव्हते. त्यांच्या वाट्याला पोरं भरपूर, त्यात मार्च २०२०मध्ये कॉलेज बंद झालं आणि मी पारोळा तालुक्यातल्या घराच्या धाब्यावर रेंज शोधत फिजिओलॉजी ऐकत बसलो. पण सर कधीतरी बोलावतील म्हणून वाट बघत राहिलो, ती चूक माझी.

धुळ्याचं सरकारी मेडिकल कॉलेज १९८९चं, जळगावचं २०१८चं, नंदुरबारचं २०२०चं. म्हणजे खानदेशातल्या पोराला आता घराजवळ डॉक्टर होता येतं. यातली बरीच पोरं माझ्यासारखी, घरातली पहिलीच. बापाला कापसाचा भाव कळतो. पीजीची ब्रँच, बॉण्ड (शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा), रात्रीची ड्युटी यातलं काही कळत नाही. डॉक्टरांच्या घरातल्या पोराला जेवताना कानावर पडतं ते आपल्याला कोणाला तरी विचारून मिळवावं लागतं. म्हणून हे लिहितोय.

मला शिकवणारा माणूस कुठल्याही यादीत नव्हता. इंटर्नशिपमधला ऑगस्ट, मेडिसिनची ड्युटी, बाहेर कापसावर फवारणी जोरात. रात्री अकराच्या सुमारास बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा कॅज्युअल्टीत आला. घामाने भिजलेला, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, कपड्यांना तो उग्र लसणीसारखा वास. ऑर्गनोफॉस्फरस, म्हणजे कीटकनाशकाची विषबाधा पुस्तकात मला पाठ होती. हात मात्र थरथरत होते. ड्युटीवरच्या रेसिडेन्ट (पीजी करणाऱ्या) सरांनी आधी मुलाचे कपडे काढून अंग धुवायला लावलं, त्यावरचं औषध ॲट्रोपिन सुरू केलं आणि मला म्हणाले, “तू इथून हलायचं नाही. दर पाच मिनिटांनी छाती ऐक आणि मला मोठ्याने सांग.”

मी टॉर्च घेऊन बाहुल्याच बघत होतो. बाहुली मोठी झाली की काम झालं, असं डोक्यात बसलेलं. ते म्हणाले, “छाती ऐक, बाहुली नंतर. फवारणीचं औषध डोळ्यात उडालं असेल तर बाहुली मागेच राहते. माणूस मरतो तो छातीत पाणी भरून.” मग प्रत्येक डोस देताना ते स्वतःचा विचार बोलून दाखवत गेले. अजून खरखर आहे, म्हणून दुप्पट. आता खरखर गेली, नाडी ८०च्या वर, वरचं बीपी ८०च्या वर, काखा कोरड्या, म्हणून दुप्पट करणं थांबवायचं. पहाटेपर्यंत एका केस पेपरच्या मागे माझ्या अक्षरात वेळांची रांग तयार झाली होती. (डोस तुमच्या युनिटच्या प्रोटोकॉलनेच द्या, माझ्या लिखाणावरून नको.)

खरी गोष्ट त्यानंतरची. सकाळी मुलगा शुद्धीवर, बोलतोय, मी खूश. घरी जाता जाता सर म्हणाले, “प्रत्येक राउंडला त्याला उशीवरून मान उचलायला सांग.” का, ते त्यांनी सांगितलं नाही, वाचून ये म्हणाले. वाचलं तेव्हा कळलं. विष उतरल्यासारखं वाटत असताना, साधारण २४ ते ९६ तासांत, मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या आईनेच मला हाक मारली, “डॉक्टर, मना आंडोर मान धरस नही.” (माझा मुलगा मान धरत नाही.) मी धावत गेलो. खरंच उचलता येत नव्हती. तेव्हा सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) व्यवस्थित होतं; नुसत्या आकड्यावर विसंबलो असतो तर अजून तासभर गेला असता. त्याला वेळेत व्हेंटिलेटरवर घेतलं. अकराव्या दिवशी तो चालत घरी गेला.

वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९०मध्ये डॉक्टरची क्षमता जोखण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं, आणि प्रत्यक्ष कामात करणं. कॉलेज तुम्हाला दुसऱ्या पायरीपर्यंत नीट आणतं, परीक्षा तिसरीपर्यंत ढकलते. चौथीवर शेजारी कोणीतरी उभं असावं लागतं, आणि ते माणूस तुम्हालाच शोधावं लागतं.

शोधायचं कसं? ‘सर, मला गाईड करा’ असं म्हणू नका. यावर कोणालाच उत्तर देता येत नाही. एक पेशंट आणि एक प्रश्न घेऊन जा. दुसऱ्या दिवशी ‘तुम्ही सांगितलं तसं वाचलं, पण हे कळलं नाही’ म्हणून परत जा. दोन-तीनदा असं झालं की समोरचा माणूस स्वतःहून हाक मारायला लागतो. माझ्या त्या रेसिडेन्ट सरांनी महिन्याभराने चहावर त्यांची स्वतःची चूक सांगितली. ‘गॅस’ म्हणून घरी पाठवलेला पेशंट हार्ट ॲटॅकचा निघाला होता. आपली चूक सांगतो तो माणूस धरून ठेवा. पेशंटसमोर ‘एवढंही येत नाही?’ म्हणून ओरडणारेही भेटतील. मला एक असे भेटले. त्यांच्या धाकाने मी चुकीच्या बल्बमध्ये (रक्त घ्यायच्या नळीत) गेलेलं सॅम्पल अर्धा दिवस लपवलं. त्यांच्याकडून मी चूक लपवायला शिकलो, दुसरं काही नाही.

आणि सगळे मेंटॉर डॉक्टर नसतात. सुकलेल्या बाळाची शीर शोधायला मला वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरनी शिकवलं. “अहो डॉक्टर, टोचायची घाई कशाला? आधी हात गरम करा त्याचा.” पहिल्या दिवशी त्यांना नमस्कार करून आपलं नाव सांगणाऱ्या इंटर्नचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

रात्री सीनिअरला फोन करणं ही वेगळी विद्या आहे. मी सुरुवातीला ‘सर, पेशंट सकाळी शेतात गेला होता…’ पासून सुरू करायचो आणि पलीकडून घोरणं ऐकू यायचं. पहिलं वाक्य कामाचं हवं: पेशंट पाठवायचाय, की सल्ला हवाय, की तुम्हीच यायला हवं. मग वय, त्रास, नाडी, बीपी, सॅच्युरेशन, काय दिलं. शेवटी ‘मला असं वाटतंय’. हे शेवटचं बहुतेक जण गाळतात, चुकलो तर काय म्हणून. पण तुमचा विचार कुठे अडला हे त्यावरूनच समोरच्याला कळतं. फोटो पाठवताना चेहरा आणि नाव झाका.

सध्या मी बॉण्डच्या वर्षात नंदुरबार जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. इथे सीनिअर म्हणजे फोनवरचा आवाज. अहिराणीवर माझं निभतं, ‘कोठे दुखस?’ म्हटलं की म्हातारी माणसं मोकळी होतात. पण सातपुड्याच्या अंगाला पावरी, भिली बोलतात आणि तिथे आशाताईच माझ्या गुरू. हाडं दुखतात म्हणून वारंवार येणाऱ्या एका मुलीला मी दोनदा वेदनाशामक देऊन पाठवलं होतं. ताईंनी बाजूला घेऊन सांगितलं, हिच्या भावाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. मी घरच्यांबद्दल विचारलंच नव्हतं.

गेल्या आठवड्यापासून माझ्याकडे दोन इंटर्न आहेत. एक मुलगी दिवसभर प्रश्न विचारते. दुसरा काहीच विचारत नाही, नुसता मान हलवतो, आणि त्याला काय येतं, काय नाही हे मला अजून कळलेलं नाही. उद्या लसीकरणाला वरच्या पाड्यावर जायचंय, दीड तासाचा रस्ता आहे. त्याला गाडीत माझ्या शेजारी बसवणार आहे.