बँकेच्या लिलावातील मालमत्ता घेण्यापूर्वी बोजा तपासा

सरफेसी कायदा, 2002 अन्वये बँका थकीत कर्जाच्या मालमत्तांचा लिलाव करतात, तेव्हा विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर होते. जाहिरातीत ‘ज्ञात बोजे (मालमत्तेवरील इतरांचे कर्ज, गहाण वा हक्क) : निरंक’ असे छापलेले असले, तरी त्याचा अर्थ बँकेला ठाऊक नाही इतकाच घ्यावा.

प्रथम नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’मधून किमान 30 वर्षांच्या सूची क्रमांक 2 (नोंदणीकृत दस्तांचा गोषवारा) पाहाव्यात आणि जुन्या नोंदींसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घ्यावा. मात्र मूळ दस्त बँकेकडे ठेवून केलेले गहाण, विशेषतः 2013 पूर्वीचे, तेथे दिसेलच असे नाही. त्यासाठी ‘सरसाई’ (CERSAI) या संस्थेच्या, तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीत नाममात्र शुल्क भरून मालमत्तेच्या आणि कर्जदाराच्या नावाने, दोन्ही प्रकारे शोध घ्यावा. जमीन असल्यास सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना आणि त्यात दाखवलेले फेरफार वाचावेत, कारण सोसायटीचे पीककर्ज किंवा तहसीलदाराची जप्ती बहुधा तेथेच सापडते. सदनिकेच्या बाबतीत गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांकडून थकबाकीचे लेखी पत्र मागावे. तोंडी आकड्यावर विसंबू नये. मालमत्ता कर आणि वीजबिलही पाहावे.

बँकेकडील ताबा प्रत्यक्ष की केवळ प्रतीकात्मक (कागदोपत्री), हे बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्यास लेखी विचारावे. बोली मंजूर होताच अनामत धरून 25 टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा पुढील कामकाजाच्या दिवशी भरावी लागते व उर्वरित न भरल्यास ती जप्त होते, म्हणून हा सर्व शोध बोलीपूर्वीच वकिलाकडून तपासून घ्यावा.