सत्तेवर गोष्ट लिहायची असेल तर आधी अनुमोदक शोधा

सत्ता आणि भ्रष्टाचार यांवर लिहायला बसलेली मुलं सगळ्यात आधी राजा लिहितात. पोट सुटलेला, आळशी आणि पहिल्याच पानावर वाईट. अंधेरीतल्या कॉलेजांची एकांकिकेची मुलं माझ्याकडे अशी संहिता घेऊन आली की ते पान मी बाजूला ठेवायला लावते. जो मुळातच वाईट आहे त्याला सत्तेने बिघडवलं हे दाखवणार कसं? राजा नंतर येईल. आधी ठरवा की तुमच्या गोष्टीत सगळ्यांना हवी असलेली वस्तू कोणती, ती कधी कमी पडते आणि ती सांभाळायला कुणाकडे दिली आहे.

उदाहरण वेसाव्याचं, म्हणजे मुंबईतल्या वर्सोव्याचं घेऊ. पावसाळा सरला की कोळीवाड्यात बांबूंवर बोंबील वाळत पडतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवलेले. खाली मांजरं असतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे मांजरांचेही ते दोन महिने उपासाचे. समजा, मांजरांनी ठरवलं की आपणही बेगमी करायची. प्रत्येकाने एकेक सुका बोंबील आणून उलट्या घातलेल्या होडीखाली ठेवायचा. राखणीला एक बोका नेमला. तो सगळ्यांत प्रामाणिक म्हणूनच नेमला, हे विसरू नका. नियम एकच: साठ्यातलं कुणी खायचं नाही.

आता पहिला घास लिहा. या प्रकारच्या लेखनात मी सर्वांत जास्त वेळ इथेच घालवते, आणि तुम्हीही घालवा. पहिला घास लहान हवा आणि त्याला खरं कारण हवं. दमट हवेत सुके बोंबील मऊ पडतात, बुरशी धरते. ते खराब झाले का हे कुणीतरी चाखून बघायलाच हवं. बोका म्हणतो, मी बघतो. कारण पटण्यासारखं आहे, वाचकालाही पटलं पाहिजे. तुमच्या वाचकाने इथे मान डोलावली तरच पुढे त्याला स्वतःची लाज वाटेल.

जॉर्ज ऑरवेलच्या 1945 सालच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’मध्ये हे काम दूध करतं. शेतावरची जनावरं मालकाला हाकलतात, त्यानंतर गाईंचं पाच बादल्या दूध निघतं. नेपोलियन नावाचा डुक्कर म्हणतो, दुधाचं नंतर बघू, आधी गवत कापायला चला. संध्याकाळी जनावरं परततात तेव्हा दूध नाहीसं झालेलं असतं. तिथे मारामारी नाही, भाषण नाही. दूध डुकरांच्या खाण्यात जातं हे पुढे कळतं, आणि डोक्याचं काम करणाऱ्यांना ते लागतंच असं स्पष्टीकरणही मिळतं. वर दम असतो: आम्ही दुबळे पडलो तर मालक परत येईल. पुढची सगळी सक्ती त्या संध्याकाळी मुकाट राहण्यातून निघते. पुस्तक हाताशी असेल तर फक्त ती पानं काढा आणि पेन्सिल घेऊन बघा, कोण बोलतं आणि कोण बोलत नाही.

नियम एकदम मोडू नका, त्याला एक शब्द जोडा. ‘साठ्यातलं कुणी खायचं नाही’ याचं ‘साठ्यातलं कुणी उगाच खायचं नाही’ होऊ दे. मग ‘उगाच’ म्हणजे काय हे ठरवायला समिती येईल. समितीला बैठकीत भूक लागेल.

भाषेसाठी कागद वाचा. मी गृहनिर्माण सोसायट्यांची इतिवृत्तं लिहून देते, तेव्हा ही भाषा रोज हाताळते, आणि राजकीय उपहास लिहिणाऱ्याला इतकी चांगली शाळा दुसरी नाही असं माझं ठाम मत आहे. ‘निर्णय घेण्यात आला’ असं वाक्य असतं, घेणारा कुठेच नसतो. कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ असतात. एका सोसायटीच्या वार्षिक सभेत ठेकेदाराची नेमणूक अशीच आयत्या वेळी आली. तोवर बटाटेवडे वाटून झाले होते. लोक एका हातात कागदी प्लेट आणि दुसऱ्यात चहाचा कप घेऊन उभे होते, हात वर करायला हात मोकळाच नव्हता. ठराव सर्वानुमते मंजूर. एका आजोबांनी कप खिडकीत ठेवून काहीतरी विचारलं, तेवढ्यात खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. असा प्रसंग तुमच्या मांजरांना जसाच्या तसा द्या. फक्त वड्याच्या जागी कोळंबीची टरफलं ठेवा.

ठरावाला तो मांडणारा सूचक लागतो तसा त्याला दुजोरा देणारा अनुमोदकही लागतो. नवशिके लेखक सूचक रंगवतात आणि अनुमोदक विसरतात. बोक्याच्या ‘मी चाखून बघतो’ला ‘बरोबर आहे’ म्हणणारी मांजर कोण? ती लबाड असेल तर गोष्ट तिथेच सपाट होते. तिला पिल्लं द्या. बोक्याने मागच्या पावसाळ्यात तिच्या पिल्लाला भरतीच्या पाण्यातून ओढून काढलं होतं असं करा. मग तिचं अनुमोदन कृतज्ञतेतून येतं, आणि ते खोडून काढणं वाचकाला जड जातं.

विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ 1972 साली रंगमंचावर आलं. त्यात अनुमोदकांची अक्षरशः भिंत उभी आहे. गात-नाचत रांगेत उभी राहिलेली माणसं कधी पडदा होतात, कधी बाजूला सरतात, आणि मागे काय चाललंय ते झाकतात. घाशीराम स्वतःची मुलगी देऊन कोतवाली मिळवतो, शहर छळतो आणि शेवटी लोकांच्या हातून मरतो. त्याच्या मरणाच्या हुकमावर सही करणारा पेशव्यांचा कारभारी नाना फडणवीस मात्र तसाच राहतो. तुमच्या शेवटाचा विचार करताना नाना डोळ्यांसमोर ठेवा. बोक्याला हाकलून गोष्ट संपवायचा मोह होईल. त्याऐवजी बोक्याला नेमणाऱ्या सभेत पुढच्या राखणदाराची नेमणूक कशी होते ते लिहा.

भोळ्या जनावरांची टवाळी करू नका. ऑरवेलचा बॉक्सर घोडा प्रत्येक संकटावर ‘मी आणखी काम करीन’ म्हणतो. त्याचा विश्वास चुकीच्या जागी आहे, पण कष्ट खरे आहेत. लेखकाने त्याला मान दिला म्हणूनच त्याला कत्तलीसाठी घेऊन जाणाऱ्या गाडीचा प्रसंग वाचताना गलबलून येतं. पहाटेच्या लोकलने जाऊन दिवसभर राबणारी आणि मत देऊन गप्प बसणारी माणसं या शहरात लाखांनी आहेत. त्यांना मेंढरं म्हणणाऱ्या संहिता मी परत करते.

आजच्या एखाद्या पुढाऱ्याचा चष्मा, लकब, तकियाकलाम उचलून जनावराला चिकटवणं सोपं असतं. टाळ्याही पडतात, आणि पुढच्या निवडणुकीनंतर गोष्ट शिळी होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1907 मध्ये ‘कीचकवध’ आणलं तेव्हा कीचकाआडून नेम होता माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनवर, पण त्याचं नाव रंगमंचावर कुणी उच्चारत नव्हतं. विराटाचा दरबार, सैरंध्री, कीचक, भीम, एवढंच. प्रेक्षकांना जे कळायचं ते कळलं, सरकारलाही कळलं आणि 1910 मध्ये बंदी आली. कर्झन कोण हे ठाऊक नसलेल्यालाही अपमान गिळायला सांगणारा दरबार समजतो. म्हणून तुमची मांजरं आधी मांजरं म्हणून खरी हवीत. वेसाव्याला सकाळी जा, होड्या येतात तेव्हा ती कुठे बसतात, कुणाला आधी वाट देतात, भांडण न करता जागा कशी बळकावतात ते बघा. हुकूमशाहीवरचे चार लेख वाचण्यापेक्षा मी मुलांना ही सकाळ आधी करायला लावते.

लिहून झालं की नाटकाशी संबंध नसलेल्या चार-पाच माणसांना मोठ्याने वाचून दाखवा. शक्यतो त्यात कुठल्यातरी सोसायटीचा किंवा गणेशोत्सव मंडळाचा पदाधिकारी असू द्या. ‘हे कुणावर आहे?’ असं त्यांनी विचारलं तर नाव सांगू नका, त्यांना कोण वाटलं ते विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. सगळ्यांनी एकच नाव घेतलं तर ती लकब काढून टाका. प्रत्येकाने वेगळं नाव घेतलं, आणि एखाद्याने आपल्याच खजिनदाराचं घेतलं, तर संहिता पुढे न्या.

प्रयोग करायचा असेल तर संहिता नाटकं प्रयोगाआधी तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवा, स्पर्धेच्या तोंडावर नको. ‘हे कापतील’ या भीतीने आधीच स्वतः कापून पाठवू नका. पूर्ण संहिता पाठवा, आक्षेप आला तर तो लेखी मागा, आणि प्रत्येक वाक्य गोष्टीला का लागतं याचं उत्तर तयार ठेवा. ज्या वाक्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल ते पाठवण्याआधीच काढा.