घर बदलण्याआधीची आवराआवर: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

घर बदलायची तारीख ठरली की बहुतेक लोक पहिल्यांदा खोकी गोळा करतात. माझं मत विचाराल तर खोकी अगदी शेवटी आणावीत. रिकामं खोकं समोर दिसलं की हात आपोआप ते भरायला लागतात, आणि एकदा चिकटपट्टी लागली की आतलं हवं होतं की नको हा प्रश्न नव्या घरावर ढकलला जातो. तिथे तर ते खोकं कुणी उघडूनही बघत नाही.

म्हणून सहा-आठ आठवडे हातात असताना फक्त एक वही घेऊन घरभर फिरा. काही हलवू नका, आवरू नका. नको असलेली प्रत्येक वस्तू लिहा आणि तिच्यापुढे ती घराबाहेर कशी जाणार तेही लिहा: विकायची, कुणाला द्यायची, भंगारात घालायची की कचऱ्यात टाकायची. एखादी वस्तू नको हे क्षणात ठरतं, पण ती उंबऱ्याबाहेर पडायला कधी कधी महिना लागतो. तेव्हा सुरुवात सोप्या कप्प्यापासून करू नका. जिला बाहेर पडायला सर्वांत जास्त वेळ लागणार, ती वस्तू आधी.

यात पहिला नंबर मोठ्या फर्निचरचा. नव्या घराची मापं हातात आल्याशिवाय त्याचा निर्णय होत नाही, त्यामुळे टेप घेऊन एक चक्कर मारून याच. दाराची रुंदी, जिन्याचं वळण, लिफ्टची आतली उंची, छताची उंची, सगळं मोजा. कपाटाच्या बाबतीत हमखास एक गफलत होते. ते आडवं करून आत नेलं जातं आणि मग उभं केलं जातं. उभं करताना त्याची उंची नव्हे, कर्ण लागतो. २३० सेंटीमीटर उंच आणि ६० सेंटीमीटर खोल कपाटाचा कर्ण जवळजवळ २३८ सेंटीमीटर होतो. छत २३५ वर असेल तर कागदावर बसणारं हे कपाट प्रत्यक्षात उभंच राहत नाही. ते सुटं करता येत नसेल तर इथेच निरोप द्या. विकायला काढताना मापं आणि दोष दोन्ही लिहा, उजेडात फोटो काढा, आणि स्वतःपुरती एक तारीख ठरवा. त्या दिवसापर्यंत गिऱ्हाईक आलं नाही तर वस्तू फुकट द्यायची. आपण ती केवढ्याला घेतली होती याच्याशी घेणाऱ्याला काही देणंघेणं नसतं.

दुसऱ्यांनी आपल्याकडे ठेवलेलं सामानही याच वेळी बाहेर काढा. त्यांना कळवताना ‘कधीही ये’ असं म्हणू नका, तारीख द्या.

मग जुने फोन आणि संगणक. फोन देण्याआधी त्यातल्या खात्यांमधून लॉग आउट करा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसून फोन कोरा करा. क्रम चुकला तर फोन पुढच्या माणसाकडे जाऊनही तुमचाच पासवर्ड मागत बसतो. संगणकावरची फाइल डिलीट केली की साधारणपणे तिची नोंदच जाते, मजकूर डिस्कवर तसाच असतो. साध्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर पूर्ण ओव्हरराइट करा, म्हणजे जुन्या मजकुरावर नवा लिहा; एसएसडीवर (चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर) तेवढ्याने भागत नाही, तिथे उत्पादकाची सिक्युअर इरेझ ही कायमचं पुसायची सोय वापरावी लागते. लिथियम बॅटऱ्या आणि पारा असलेले सीएफएल दिवे घरच्या कचऱ्यात जात नाहीत, ई-कचरा घेणारं केंद्र आधीच शोधून ठेवा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका.

रंग, थिनर, पेट्रोल, ॲसिड, गॅसचे डबे हे सामान वाहतूकवाले सहसा घेतच नाहीत, त्यामुळे ते वापरून संपवा किंवा घातक कचऱ्यात द्या. मोरीत ओतू नका. मुदत संपलेल्या औषधांचंही तेच. ती परत घेणारं औषधाचं दुकान जवळ आहे का ते विचारा.

कागदांना एक अख्खी संध्याकाळ द्या. जन्म, विवाह, शिक्षण, मालमत्ता आणि विम्याची मूळ कागदपत्रं एका पिशवीत घाला. ती पिशवी ट्रकमधून नाही, तुमच्याबरोबर जाईल. कराचे कागद किती वर्षं ठेवायचे हे तुमच्याकडच्या नियमावर अवलंबून आहे, अंदाजाने फाडू नका. गुळगुळीत थर्मल कागदावरच्या पावत्यांची अक्षरं उडत जातात. वॉरंटी चालू असलेल्या पावत्या आत्ताच स्कॅन करा, बाकीच्या जाऊ द्यात.

कपडे आणि स्वयंपाकघरातल्या दुहेरी वस्तू यांवर फार डोकं चालवायची गरज नाही. एक दुपार पुरते. पुस्तकांपुढे मात्र दुपार कमी पडते, कारण माणूस वाचत बसतो. त्यांचं वजन लक्षात घ्या: मध्यम खोक्यात ठासून भरली तर वीस किलो सहज होतात. वाचनालयात कधीही मिळेल ते पुस्तक सोडायला हरकत नाही; समासात कुणाच्या हस्ताक्षरात काही लिहिलं असेल तर ते ठेवा.

आठवणींच्या वस्तू सर्वांत शेवटी. तोवर नको म्हणायची थोडी सवय झालेली असते. घरातल्या मागच्या पिढीचं काही द्यायचं असेल तर भावंडांना एकाच वेळी, एकाच निरोपात विचारा. एकेकाला विचारत गेलात तर नंतर मानापमान निघतात. चिकट पानांच्या अल्बममधला गोंद फोटो खराब करतो, तेव्हा फोटो काढून घ्या आणि अल्बम सोडा. नुकतंच कुणी गेलेलं असेल तर त्या माणसाच्या वस्तूंना मात्र आधी निवडा, मग भरा हा माझा नियम लावू नका. त्या न निवडता एका खोक्यात भरा, वर तारीख घाला आणि नव्या घरी न्या. ट्रकची तारीख जवळ आली म्हणून दुःख उरकायचं नसतं.

एवढं झालं की वाहतूकवाल्यांना नवी यादी पाठवून दर पुन्हा मागा, कारण पहिला अंदाज जुन्या पसाऱ्यावर दिलेला असतो. आता खोकी आणा. फ्रीज आदल्या दिवशी बंद करा, बर्फ वितळू द्या, दार किंचित उघडं ठेवा.

आणि पडदे, कुंड्या, जुना गालिचा ‘पुढच्यांना उपयोगी पडेल’ म्हणून मागे सोडायचं मनात असेल तर आधी लेखी विचारा. न विचारता ठेवलेलं सामान हलवायचा खर्च घरमालक अनामत रकमेतून कापू शकतो.