सेकंडहँड बेस घेताय? आधी नेक उघडा

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या सावंतवाडी-कुडाळ पट्ट्यात जत्रा सुरू होतात. त्यापाठोपाठ लग्नं, ऑर्केस्ट्रा, चर्चची फेस्तं. ह्याच दिवसांत पोरं बेस गिटार शोधायला लागतात आणि माझ्या व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागतात. सनबर्स्ट रंगाचा जॅझ बेस, हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्यांच्या टोकावर, झोकात ‘फेंडर’ ह्या अमेरिकन कंपनीचं नाव, किंमत १८,००० रुपये. "काका, घेव काय?"

जॅझ बेस हे फेंडरचं एक मॉडेल. त्यातला नवा, अमेरिकेत बनलेला बेस आपल्याकडे दीड लाखाच्या पुढेच जातो. तो १८ हजारांत देणारा एकतर पैशाला अडलेला असतो, नाहीतर चोरीचा माल खपवत असतो, नाहीतर तो फेंडरच नसतो. मी वाद्यं दुरुस्त करून पोट भरतो. माझ्या टेबलावर बहुतेक वेळा तिसरीच गोष्ट खरी निघते.

जॅझ बेससारखा दिसणारा प्रत्येक बेस मात्र नकली नसतो. सारखा आकार हा काही गुन्हा नव्हे. फेंडरने प्रिसिजन बेस ह्या आपल्या दुसऱ्या मॉडेलच्या बॉडीच्या आकारावर ट्रेडमार्क मागितला होता, तो अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने २००९ मध्ये नाकारला. त्यामुळे कितीतरी कंपन्या तो आकार आपापल्या नावाने उजळ माथ्याने विकतात. दुसऱ्याचं नाव लावून विकला की मात्र तो नकली. आणि आपल्याकडे जास्त फिरतो तो ह्या दोन्हींच्या मधला प्रकार: स्क्वायरचा बेस. स्क्वायर हा फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड. त्याचा हेडस्टॉक घासायचा, फेंडरचा स्टिकर लावायचा, वरून लॅकरचा हात मारायचा की झाला ‘अमेरिकन’.

बघायला जाण्याआधी फोटो मागवा. हेडस्टॉक पुढून आणि मागून, नेक (बोटं फिरतात तो लांब दांडा) जिथे बॉडीला जोडलाय ती मागची पट्टी, ब्रिज (बॉडीवर तारा अडकतात तो भाग) जवळून, आणि एक फोटो बेसवर आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. ह्या शेवटच्या फोटोला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे बेस नसतोच, दुसऱ्याचे फोटो असतात. अशा माणसाला ‘टोकन’ म्हणून ५०० रुपयेसुद्धा पाठवू नका. पाठवून बसला असाल तर लगेच १९३० ह्या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

सिरीयल नंबरावर लोकांचा फार भरवसा. १९७६ पासून फेंडरचा नंबर सहसा हेडस्टॉकवर येतो, त्याआधी तो नेकच्या पट्टीवर असायचा. एमएक्सने सुरू होणारा मेक्सिकोचा, यूएसने सुरू होणारा अमेरिकेचा, आयसीएसने सुरू होणारा इंडोनेशियात बनलेल्या स्क्वायरचा. वर ‘मेड इन यूएसए’ आणि मागे एमएक्स असे नमुनेही येतात, त्यांच्यावर वेळ घालवायला नको. पण नंबर बरोबर असला म्हणजे बेस खरा, असं नाही. नंबर छापायला काय लागतं? तो इंटरनेटवर शोधा. तोच नंबर भलत्याच रंगाच्या बेसवर दिसला तर तिथेच थांबा.

स्टिकर बघताना टॉर्च समोरून मारू नका, बाजूने मारा, उजेड हेडस्टॉकवर आडवा सरकला पाहिजे. घासलेल्या जागी लाकडाची चकाकी नेकपेक्षा वेगळी दिसते, कडा किंचित गोलावलेल्या असतात, कधी जुन्या अक्षरांची सावलीही उठते. नखाला स्टिकरची कड लागली की पोरं लगेच "नकली, नकली" करतात. तसं नसतं. जुन्या धाटणीच्या खऱ्या फेंडरांतही काहींवर अक्षरं लॅकरच्या वरच असतात.

सोबत टेप ठेवा. जॅझ आणि प्रिसिजन दोन्हींचा स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३४ इंच, म्हणजे नटपासून (हेडस्टॉकजवळची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) त्याच्या निम्मं, ४३२ मिलिमीटर. नटजवळ नेकची रुंदी जॅझला साधारण ३८, प्रिसिजनला ४१ ते ४२. मापं चुकली तर संशय पक्का समजा, जुळली तर फार काही सिद्ध होत नाही, कारण चांगल्या नकलेची मापंही बरोबर असतात.

खरी परीक्षा आतली. विकणाऱ्याला सरळ सांगा, "तारा सैल करून नेक काढून बघतो." बहुतेक जण इथेच तापतात. "अस्सल आसा, काय एक बघूक नको" असं ऐकलं की मी चहा पिऊन उठतो. काढायला दिलं तर स्क्रू हाताच्या पेचकसानेच फिरवा, ड्रिल लावू नका. आपल्या हवेत ते गंजून लाकडात बसलेले असतात आणि डोकं झिजलं की रडत बसावं लागतं. नेकच्या टाचेवर खऱ्या बेसला बऱ्याचदा तारखेचा शिक्का किंवा पेन्सिलची खूण सापडते. मग कंट्रोलची पट्टी उघडा. ‘अमेरिकन’ म्हणून विकला जाणारा साधा, बिनबॅटरीचा जॅझ बेस असेल तर आतले पॉट (बटणांखालचे, आवाज कमीजास्त करणारे भाग) मोठे हवेत, साधारण पाच रुपयांच्या नाण्याएवढे. नखाएवढे छोटे पॉट दिसले तर ‘अमेरिकन’ विसरा. मोठ्या पॉटच्या पाठीवर १३७ ने सुरू होणारा आकडा असेल तर तो सीटीएस कंपनीचा, आणि सात आकडी असेल तर पुढचे चार साल आणि आठवडा सांगतात: १३७१५३२ म्हणजे २०१५ चा बत्तिसावा आठवडा. विकणारा बेस २००८ चा सांगत असेल तर एकतर पॉट बदललाय किंवा गोष्ट बनवलीय. सोल्डर बघा. पॉट काळवंडलेला आणि सोल्डर चांदीसारखं चमकतंय, म्हणजे हल्लीच कुणीतरी आत हात घातलाय.

आता खाऱ्या हवेबद्दल, कारण ह्यात आपण किनाऱ्यावरचे लोक मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांपेक्षा हुशार असायला हवं. नकली बेसला ‘जुना’ करायला गंज चढवतात. पण इथल्या हवेतला गंज आतबाहेर करत नाही, सगळीकडे शिरतो. वेंगुर्ल्यात समुद्राला लागून असलेल्या घरात चार पावसाळे काढलेला बेस माझ्याकडे आला होता. ब्रिजच्या सॅडलचे बारीक स्क्रू जाम, केबल लावायच्या जॅकची नट तपकिरी, पिकगार्डखालचे (बॉडीवरच्या प्लास्टिकच्या पत्र्याखालचे) स्क्रूसुद्धा गंजलेले, ट्यूनरच्या (तारा पिळायच्या खुंट्यांच्या) क्रोमवर बारीक फोड. दिसायला भिकार, पण पूर्ण खरा. उलट बाहेरून गंजाने माखलेला आणि पिकगार्ड उचलल्यावर आतले स्क्रू लखलखीत, तर तो गंज बाटलीतला. पिकगार्डखालचा रंगही बघा. उन्हात वर्षं काढली असतील तर झाकलेला भाग गडद राहतो.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाला लाखेचा रंग चढवणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराला मी कधीकधी संशयी बॉडी दाखवतो. त्याला फेंडर म्हणजे काय ते ठाऊक नाही. तो कडेवरून अंगठा फिरवतो आणि सांगतो, "ह्याच्यावर दोनदा रंग चढलो हा." तेवढं मला पुरतं.

रिकनबॅकर ह्या दुसऱ्या कंपनीच्या बेसचं काम सोपं. सगळे रिकनबॅकर कॅलिफोर्नियातच बनतात. त्यांच्या ४००१ आणि ४००३ ह्या मॉडेलांचा नेक बॉडीतून आरपार जातो, त्यामुळे मागे चार स्क्रूंची पट्टी दिसली की विषय संपला. हेडस्टॉकवरची झाकणी काढली तर ट्रस रॉडच्या (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळ्यांच्या) दोन नट दिसायला हव्यात, स्केलही ३४ नाही, सव्वातेहतीस इंच. म्युझिक मॅन ह्या आणखी एका कंपनीच्या बाबतीत हेडस्टॉकवरची सगळी अक्षरं वाचा. ‘स्टर्लिंग बाय म्युझिक मॅन’ हा खराच माल आहे, पण स्वस्त मालिकेतला. त्याला म्युझिक मॅनच्या मूळ स्टिंगरे बेसची किंमत मोजू नका.

नकली निघाला तर भांडू नका. "ह्या किमतीत फेंडर म्हणून नाही घेणार, बिननावाचा म्हणून सात हजारांत घेतो, स्टिकर तुमच्यासमोर काढतो," एवढंच म्हणा. नेक सरळ असेल, फ्रेट शाबूत असतील तर बिननावाचा बेस जत्रेत उत्तम वाजतो. मंडपातलं कोण हेडस्टॉक वाचायला येतंय? ॲपवर जाहिरात असेल तर ‘बनावट’ म्हणून तक्रार नोंदवा, सोबत एका ओळीत कारण द्या: "४००३ सांगतात, पण नेक बोल्टचा आहे." मोघम तक्रारीपेक्षा ही बरी.

माझ्याकडे दर मोसमात कुणीतरी विचारतोच, "काका, फेंडरचो स्टिकर मारून देशात?" नाही देत. खोटा ट्रेडमार्क लावणं आणि तसा माल विकणं, दोन्ही ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ खाली गुन्हे आहेत: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. हे सांगितलं की पोरगा हसतो, पण स्टिकरचा विषय सोडतो. दुरुस्तीला आलेला बेस मिश्र मालाचा असेल तर नेकच्या खाचेत मी पेन्सिलने लिहून ठेवतो: "बॉडी स्क्वायर, नेक बदललेला," खाली तारीख. पुढे कधी कुणी नेक उघडला तर त्याला कळेल.

खरा असो वा बिननावाचा, साध्या कागदावर पावती घ्या: विकणाऱ्याचं नाव, सिरीयल नंबर, कुठे बनलेला, कुठला भाग बदललाय, किंमत, दोघांच्या सह्या. ‘अमेरिकन फेंडर’ असं लिहून सही करायला तो तयार नसेल तर किंमतही त्या नावाची देऊ नका. पैसे जीपेने द्या, म्हणजे नोंद राहते. आणि नेक परत बसवून, तारा सुरात आणून, चारही तारा विसाव्या फ्रेटपर्यंत वाजवून बघितल्यावरच द्या.