फुटबॉल प्रॅक्टिसचा टाइम वाया चाललाय? या चुका टाळा

संध्याकाळी कोणत्याही शाळेच्या ग्राउंडवर जाऊन बघा, वीस लेकरं एका लाइनीत उभे राहायलेत, एकजण प्लॅस्टिकच्या कोनमधून बॉल काढतोय आणि बाकीचे गप्पा मारायलेत. सगळ्यात जास्त टाइम इथंच जातो. हिशोब करा ना, एकाला 20 सेकंद लागले तर परत नंबर यायला जवळपास सात मिनिटं, म्हणजे 15 मिनिटांच्या ड्रिलमध्ये पोराच्या पायाला बॉल लागला फक्त दोन-तीनदा. त्याच लेकरांच्या पाच-पाचच्या चार लाइनी केल्या की तेवढ्याच टाइमात नऊ वेळा नंबर येतो. बॉल कमी आहेत म्हणता? मग चार बॉलवर रोंडो लावा, चारजण बाहेरून पास देतील, एकजण मधे बॉल हिसकायला, आठ-दहा मीटरचा चौकोन, कुणीच रिकामं राहत नाही.

दुसरं म्हणजे पोरं आल्यावर कोन मांडत बसू नका, ते आधीच मांडून ठेवा आणि प्लॅन घरूनच कागदावर लिहून आणा. 75 मिनिटं असतील तर 15 वॉर्मअप, 20 एकच स्किल, 20 छोटी गेम, 15 मॅच, उरलेले पाणी प्यायला. एका दिवशी पासिंग, शूटिंग, डिफेन्स सगळंच घ्यायला गेलं की काहीच पक्कं होत नाही.

मोठ्या पोरांना वॉर्मअप म्हणून ग्राउंडला नुसत्या चकरा मारायला लावण्यापेक्षा फिफा 11+ (दुखापती टाळायला फिफानं बनवलेला वॉर्मअप) करून घ्या. 20 मिनिटांत होतं, कोन-बॉल सोडून वेगळं सामान लागत नाही आणि गुडघा-घोट्याच्या दुखापती खरंच कमी होतात. लहान्यांसाठी त्याचंच वेगळं किड्स व्हर्जन आहे. आणि प्लीज, 8 ते 12 वर्षांच्या लेकरांना 4 नंबरचाच बॉल द्या, 5 नंबर त्यांच्या पायाला जड जातो.

ड्रिल जमेना, दोन पासमधेच बॉल जातोय? ओरडू नका, चौकोन मोठा करा नाहीतर मधे दोन डिफेंडर असतील तर एक कमी करा. फारच सोपं जातंय तर दोनच टचची अट घाला, म्हणजे बॉलला पाय दोनदाच लावून पास द्यायचा. ट्यूशनमुळं सोळाच्या जागी अकराच आले तर पाच-पाच खेळवा, उरलेला न्यूट्रल, बॉल ज्यांच्याकडं त्यांच्या बाजूनं खेळेल.

आपल्याकडच्या उन्हाचं तर लई मनावर घ्या. एप्रिल-मेमधे परभणी-नांदेडला पारा चाळीसच्या वर असतो तेव्हा प्रॅक्टिस सकाळी सहालाच, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, आणि पाणी मागितलं म्हणून कुणाला रागवायचं नाही. चक्कर, उलटी, डोकं दुखायलंय म्हटलं की लगेच सावलीत घ्या, कपडे ढिले करा, ओलं फडकं लावा. पोरगं असंबद्ध बोलायला लागलं तर अंगावर पाणी ओतत थेट दवाखान्यात न्या, घरच्यांची वाट बघत थांबू नका.