खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीतलं शेवाळ: आधी ओळखा, मग हात घाला

समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) पाळायची नवी खारी टाकी लावून महिना-दीड महिना झाला की मला फोटो यायला लागतात. वाळू तपकिरी झालेली, दगडावर काहीतरी साचलेलं, आणि खाली एकच प्रश्न: काय औषध घालू? माझं उत्तर ठरलेलं आहे. आज काहीच घालू नका. रात्री दिवे बंद झाल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च मारून वाळू बघा आणि काय दिसलं ते सांगा.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते, कारण तपकिरी थर तीन वेगवेगळ्या गोष्टींचा असू शकतो आणि एकीचा उपाय दुसरीला पोसतो. नव्या टाक्या शेवाळाने सहसा जात नाहीत, घाईने केलेल्या उपायांनी जातात.

सगळ्यात आधी येतात ते डायटम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शेवाळ. काचेवर आणि वाळूवर सोनेरी-तपकिरी भुकटी दिसते, बोट फिरवलं की धुरासारखी उडते. डायटमचं कवच सिलिकाचं असतं आणि नव्या वाळूतून, दगडातून थोडं सिलिकेट पाण्यात उतरतच असतं. ते संपलं की काही आठवड्यांत डायटमही ओसरतात. काच पुसा आणि वाट बघा. मात्र पाणी आरओडीआयचंच हवं, म्हणजे आरओ आणि त्यापुढच्या डीआय रेझिनमधून गाळलेलं, टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) 0 दाखवणारं. डायटम दोन-तीन महिन्यांनंतरही परत परत येत असतील तर डीआय रेझिन बदला. रेझिन संपत आलं की सिलिका आधी निसटते आणि तेव्हा मीटर अजून 0 च दाखवत असतो.

लालसर, मरून रंगाची, बुळबुळीत चादर पसरली असेल आणि नळीने ओढल्यावर तिचे पापुद्रे निघत असतील, तर तो सायनो (सायनोबॅक्टेरिया). हे शेवाळ नव्हेच, प्रकाशावर जगणारे जिवाणू आहेत. काही जाती पाण्यात विरघळलेल्या वायूतला नायट्रोजनही वापरतात, म्हणून नायट्रेट शून्यावर आणून सायनो जाईलच असं नाही. तो बहुतेक वेळा प्रवाह पोचत नाही तिथे, दगडामागच्या कोपऱ्यात आधी धरतो. पाणी बदलताना एअर पंपाच्या बारीक नळीने चादर ओढून घ्या, पॉवरहेडचं (टाकीत प्रवाह देणाऱ्या पंपाचं) तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा, दर वेळी तेच करा. जिवाणू मारणारं औषध मी शेवटचा पर्याय मानते. त्याने टाकीतल्या कामाच्या जिवाणूंनाही फटका बसू शकतो आणि मेलेला सायनो कुजताना ऑक्सिजन खाली येतो.

आता तिसरा, सगळ्यात त्रासदायक: डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय सूक्ष्मजीव, बोलताना आपण डायनो म्हणतो. शेंबडासारखे तपकिरी धागे आणि धाग्यांच्या टोकाला हवेचे बुडबुडे. सकाळी टाकीचे दिवे लागताना वाळू जवळपास स्वच्छ, संध्याकाळी पुन्हा भरलेली. टॉर्चची परीक्षा यासाठीच. बुडबुडे सायनोवरही येतात, त्यामुळे तेवढ्यावर निकाल देऊ नका. खात्री करायची असेल तर थोडे धागे टाकीच्या पाण्यासकट बरणीत घ्या, जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी दिव्याखाली ठेवा. तासाभरात त्या पाण्यात पुन्हा धागे जमले तर डायनोच समजा. काही जाती विषारी असतात, गोगलगायी पटापट मरतात. हातमोजे घाला आणि नळी तोंडाने ओढून सायफन अजिबात सुरू करू नका.

डायनो बहुधा नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य झालेल्या टाकीत माजतात, कारण तिथे त्यांना स्पर्धाच उरत नाही. म्हणून इथे उपाय उलटा: पाणी बदलणं थांबवा, जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) काढा, नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 पीपीएमच्या आसपास आणून टिकवा. जात ओळखायला 400 पट मोठं दाखवणारा साधा मायक्रोस्कोप पुरतो. थेंबाच्या आकाराची पेशी टोकावर गिरक्या घेत असेल तर ती ऑस्ट्रिऑप्सिस. ती रात्री पाण्यात उतरते, त्यामुळे यूव्ही (पाण्यातले जीव मारणारा अतिनील दिवा) चांगला चालतो. चपटी, लंबगोल, वाळूच्या कणांमधून सरकणारी असेल तर अ‍ॅम्फिडिनियम. ती वाळू सोडत नाही, तिथे यूव्हीवर पैसे घालवू नका.

हिरवं केसाळ शेवाळ ओळखायला सोपं. गंमत अशी की दगड हिरवागार असताना फॉस्फेटची टेस्ट 0.02 दाखवते. शेवाळाने खाल्लेलं फॉस्फेट टेस्ट किटला दिसत नाही. जुन्या टाकीतला सुकवलेला दगड असेल तर त्यातून फॉस्फेट महिनोन् महिने झिरपतं. दगड बाहेर काढा, टाकीच्याच पाण्याच्या बादलीत टूथब्रशने घासा, ते पाणी फेका. टाकीत घासलं तर तुकडे सगळीकडे रुजतात. गोठवलेलं खाद्य धुऊन, मोजून घाला. जीएफओ थोड्याच मात्रेने सुरू करा. फॉस्फेट धाडकन पडलं तर कोरल दुखावतात आणि डायनोला रान मोकळं होतं.

गोगलगायींत ट्रोकस मला सगळ्यात आवडते, उलटी पडली तरी स्वतः सरळ होते. टर्बो खाते भरपूर, पण सुटी कोरल पाडते. नॅसेरियस शेवाळ खात नाही, उरलेलं खाद्य खाते. पूर्ण फौज एकदम आणू नका, शेवाळ संपल्यावर ती उपाशी मरते.

केसांऐवजी पिसासारख्या फांद्या दिसल्या तर ते ब्रायोप्सिस. गोगलगायी त्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्यावर फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध चालतं, तेही ओळख पक्की झाल्यावरच. हिरव्या चकचकीत गोळ्या म्हणजे व्हॅलोनिया. दगड बाहेर काढून गोळी बुडापासून अख्खी सोडवा. आणि गुलाबी-जांभळा टणक थर दगडावर चढू लागला तर तो खरवडू नका. ते कोरलाइन शेवाळ आहे, दगडावरची जागा ते व्यापतं तेवढी बाकीच्यांना कमी मिळते.

टाकीत कोरल नसतील तोवर दिवे रोज सहा तासांहून जास्त लावू नका. कोरल आल्यावर आठवड्याला अर्धा तास वाढवत आठपर्यंत न्या, आणि मधे केस दिसू लागले तर तिथेच थांबा.