रोजची सकाळ प्रभूसोबत: नव्याने सुरुवात कशी करावी

यरुशलेम उद्ध्वस्त झालं, त्या दुःखातून बायबलमधलं विलापगीत हे पुस्तक आलं. त्यातल्या तिसऱ्या अध्यायाच्या २२-२३ वचनांत परमेश्वराची करुणा रोज सकाळी नवी होते असं म्हटलं आहे. शहर अजून पडलेलंच आहे, तरी करुणा नवी आहे. म्हणून प्रार्थनेला बसताना मन आधी प्रसन्न करून घ्यायची गरज नाही. देव जे देतो ते घ्यायला बसायचं आहे.

तयारी आदल्या रात्रीच करा. उतारा ठरवून पवित्र शास्त्रात खूण घाला, वही-पेन शेजारी ठेवा. मोबाईल दुसऱ्या खोलीत राहू द्या, कारण उठल्याउठल्या निरोप वाचले की विखुरलेलं मन पुन्हा गोळा करणं कठीण जातं. सुरुवातीला वीस मिनिटं पुरेत. पहिल्याच दिवशी तासभराचा नेम केला तर लवकरच त्याचं ओझं वाटू लागतं.

बसल्यावर रात्रीच्या विसाव्याबद्दल आभार माना आणि बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १४३ चं आठवं वचन मोठ्याने वाचा. मग पापकबुली. इथेच सर्वांत जास्त घोळ होतो. ‘प्रभू, मी पापी आहे’ एवढं मोघम म्हणून उठलं तर काहीच उघड होत नाही. काल कोणाशी खोटं बोललो, कोणाला तोडून टाकलं, ते नाव घेऊन सांगा. दोन-तीन मिनिटांत सांगून होतं. त्यानंतर १ योहान १:९ (योहानाचं पहिलं पत्र, पहिला अध्याय, नववं वचन) वाचा: पापं कबूल केली तर तो क्षमा करतो आणि शुद्ध करतो. हे वाचल्यावर थांबा. त्याच पापाची उजळणी करत स्वतःला टोचत राहणं नम्रतेसारखं दिसतं, पण त्यात मिळालेली क्षमा नाकारली जाते. कोणाचं नुकसान केलं असेल तर भरपाई कधी करणार, ते वहीत लिहा.

वाचनासाठी मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कने सांगितलेली येशूची कहाणी, घ्या. १६ अध्याय आहेत. रोज दहा-पंधरा वचनं, दोनदा, दुसऱ्यांदा मोठ्याने. आधी विचारा, इथे येशू काय करतो? मग, आज मला काय सांगतो? हा क्रम उलटला की प्रत्येक उताऱ्यात आपल्याला आपणच दिसू लागतो. एक वाक्य वहीत उतरवा. पान कुठेही उघडून बोट ठेवण्याची सवय मात्र सोडा, मागचापुढचा संदर्भ तुटतो.

शेवटी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, पण घाईने पाठ म्हणू नका. रोजच्या भाकरीच्या ओळीवर थांबून आजचं काम त्याच्या हाती द्या. क्षमेच्या ओळीवर ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव घ्या. एखाद्या आजाऱ्यासाठीही मागा.

झोप येत असेल तर उभं राहून वाचा. मन कोरडं असेल तर खोटा आनंद आणू नका; स्तोत्र १३ किंवा ८८ वाचा. ८८ वं तर अंधारातच संपतं, आणि तरी ते प्रार्थनाच आहे. दुःख आठवडेच्या आठवडे उतरत नसेल तर चर्चच्या पाळकांशी बोला, डॉक्टरांकडेही जा. त्याने विश्वास उणा ठरत नाही.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका. रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न, मान्ना, रोज सकाळी नवा मिळायचा, शब्बाथाचा (विसाव्याच्या दिवसाचा) वाटा सोडला तर उरवून ठेवलेल्यात किडे पडायचे. रात्रपाळी असेल किंवा तान्हं मूल असेल तर जाग येईल ती तुमची सकाळ समजा.

मध्येच घरात कोणी हाक मारली तर चिडू नका. मार्क १:३५-३८ मध्ये येशू पहाटे एकांतात प्रार्थना करत होता, तेव्हा त्याचा शिष्य शिमोन आणि सोबती त्याला शोधत आले. तो उठला आणि पुढच्या गावांकडे निघाला.